बर्फावरचे जिग आपल्या खाडीत चालतील का? कुठला जिग कोणत्या माशाला?

खाडीकाठ (ऐरोली)

अमेरिकेतल्या मिनेसोटाहून बर्फावरच्या मासेमारीच्या जिगांचा, म्हणजे गळ बसवलेल्या वजनदार नकली आमिषांचा, एक डबा आलाय. माल चांगला आहे, पण त्याच्यासोबत माहिती काही आलेली नाही. डब्यात काय काय आहे ते लिहितो:

टंगस्टनचे मुगाएवढे जिग, ३, ४ आणि ५ मिमी. मासोळीच्या आकाराचे ५ आणि ७ सेंमीचे जिग, ज्यांच्या नाकाला आणि शेपटीला एकेक गळ, पोटाखाली ट्रेबल (तीन टोकांचा गळ) आणि मागे प्लास्टिकचा पंख आहे. पातळ पत्र्याचे चमचे, ३.५ आणि ७ ग्रॅमचे. पांढऱ्या मऊ ट्यूब आणि त्यांची १४ ग्रॅमची डोकी. शिवाय २८ इंची दोन काठ्या.

प्रश्न दोन आहेत. तिकडे यातलं काय कोणत्या माशाला वापरतात आणि कसं? आणि ठाणे-नवी मुंबईच्या खाडीकाठी, म्हणजे ऐरोली, सारसोळे, नागला बंदर, दिवाळे इथे गरवताना यातलं काय कामाचं? तिकडेही गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून सरळ खाली सोडायचं, जेट्टीवरून आपणही सरळ खालीच सोडतो, म्हणून हा प्रश्न पडला.

पागवाला

गळाला जिवंत कोळंबी लावा आणि सोडा. डबा शोकेसमध्ये ठेवा.

गोठलेलं तळं (मूळचा नेरूळचा, सध्या मिनेसोटा)

पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. जरा लांबेल.

आधी पाणी कसं असतं ते बघा. गोड्या पाण्याची घनता ४ अंश सेल्सियसला सगळ्यात जास्त असते. म्हणून बर्फाला चिकटलेलं पाणी ० अंशाच्या आसपास आणि तळाचं ४ अंशाच्या आसपास राहतं. मासा थंड रक्ताचा, इतक्या गारठ्यात त्याची हालचाल मंदावते आणि भूकही कमी होते. त्यामुळे तिथे जिग लहान, हालचाल त्याहून लहान. तळ्यात प्रवाह जवळजवळ नसतो, म्हणून जिगचं वजन फक्त दोन गोष्टींसाठी लागतं: किती लवकर खाली जातो आणि दोर किती ताठ राहतो.

ब्लूगिल आणि क्रॅपी हे तळहाताएवढे मासे. त्यांना ३ ते ५ मिमीचे टंगस्टन, गळावर अळी किंवा बारीक मऊ प्लास्टिक, दोर २ ते ४ पौंडाचा, म्हणजे तेवढं वजन पेलणारा. टंगस्टनच का? शिशाची घनता ११.३, टंगस्टनची १९.३. तेवढ्याच वजनाचा जिग आकाराने बराच लहान होतो आणि भरकन खाली जातो. क्रॅपीचे डोळे वरच्या बाजूला असतात, तो वरचं बघून खातो. जिग त्याच्या फूटभर वर ठेवायचा. खाली गेला की मासा तिकडे बघतही नाही.

पर्चला १.५ ते ३.५ ग्रॅमचा चमचा, गळावर मासोळीचं डोकं. चमचा तळावर दोन-तीनदा आपटायचा, गाळाचा लहानसा ढग उठवायचा, मग वीतभर वर घेऊन थांबायचं.

वॉलाय पहाटे आणि संध्याकाळी. ३.५ ते ७ ग्रॅमचा चमचा, नाहीतर तुमच्याकडची ती मासोळी. एक-दीड फूट उचलायची आणि सोडून द्यायची. पंखामुळे ती बाजूला जाऊन गोल फिरते आणि परत दोराखाली येऊन स्थिर होते. स्थिर झाल्यावर ३ ते १० सेकंद हात लावायचा नाही. बहुतेक वेळा मासा तेव्हाच घेतो. दुसऱ्या भोकात जिवंत मासोळी लावलेली काठी नुसती ठेवून देतात. मिनेसोटात हिवाळ्यात दोन दोर चालतात.

लेक ट्राउट खोलात, १० ते ३० मीटर. त्याला तुमच्या पांढऱ्या ट्यूब, १४ ते २८ ग्रॅमच्या डोक्यावर. हा मासा पाठलाग करतो. खालून येताना दिसला की जिग थांबवायचा नाही, गुंडाळत वर पळवायचा.

पाइकला दात आहेत, पोलादी तारेचा लीडर (दोराच्या टोकाचा, जिगआधीचा मजबूत तुकडा) हवाच. बरबॉट रात्री तळाला येतो, त्याला अंधारात चमकणारा जड चमचा आणि वर मासळीचा तुकडा.

बर्फाबद्दलही सांगतो, कारण इथे कुणीतरी सहलीला जाऊन विचारणारच. नुसतं चालायला निदान ४ इंच नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ हवा. पांढरा, बर्फ पडून जमलेला थर निम्म्या ताकदीचा धरायचा.

चेंदणीकर

माहिती उत्तम. पण खाडीकाठ, तळं आणि खाडी यांत एक मोठा फरक आहे आणि सगळं त्यावर ठरतं. आपलं पाणी पळतं.

उधाणाच्या दिवशी आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक ४ मीटरच्या वर जातो. ४.२ मीटर धरा. कोळी जे अंदाजाने जाणतात ते हिशेबात असं बसतं: सहा तासांत पाणी बारा वाट्यांत उतरतं, १, २, ३, ३, २, १. म्हणजे पहिल्या तासात ३५ सेंमी, दुसऱ्यात ७०, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी १०५, पाचव्यात ७० आणि सहाव्यात पुन्हा ३५. तिसऱ्या-चौथ्या तासात तुमचा ३.५ ग्रॅमचा चमचा तळाला लागणारच नाही, झेंड्यासारखा पाण्यात आडवा उडत राहील.

म्हणून आधी वजन, मग रंग, मग आकार. ३ मीटर पाण्यात, भरती संपून पाणी ठरलेलं असताना ७ ते १० ग्रॅम पुरे. पाणी ओढायला लागलं की १४, जोरात असेल तर २० ते २८. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पूर्ण दिवस १० ते १४ ग्रॅमवर निघतो. तुमच्या डब्यातला माल भांगाच्या दिवसांचा आणि भरती-ओहोटीमधल्या ठरलेल्या अर्ध्या-पाऊण तासाचा.

दोराचा कोन बघा. उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या पुढे गेला की जिग बदलायची वेळ झाली.

मांदेली

तळाला लागला हे कळतं कसं? माझा जिग खाली गेला की नुसता जातच राहतो, मग दोर सैल होतो, तेव्हा तो अडकलेला असतो.

चेंदणीकर

मांदेली, ब्रेड (विणलेला दोर) वापरताय ना? तंगूस (नायलॉनचा एकेरी दोर) ताणला जातो, त्यामुळे तळ हाताला कळत नाही. २० ते ३० पौंडाचा ब्रेड आणि पुढे मीटरभर लीडर घ्या.

सोडताना दोर मोकळा सोडू नका. बोटांमधून जाऊ द्या आणि आकडे मोजा. समजा सहावर थांबला, तर पुढच्या वेळी पाचवरच स्पूलवर (दोराच्या रिळावर) बोट ठेवायचं. दोर लागोपाठ जात असताना मध्येच चार-पाच इंच ढिला पडला तर तळ लागला. आपल्याकडे बऱ्याच जागी तळ म्हणजे लोण्यासारखा चिखल, खडकावर लागावा तसा ठोका येत नाही. दोर फक्त निवांत होतो. त्याच क्षणी वीतभर उचला. दोन सेकंद पडू दिलात की जिग रुततो, आणि काढायला जोर लावलात की चिखलाचा गोळा घेऊन येतो. चिखल माखलेल्या जिगला मासा लागत नाही.

म्हणून पर्चसाठी तळ आपटून गाळ उठवायची पद्धत इथे आणायची नाही. आपलं पाणी मुळातच गढूळ, त्यात आणखी ढग करून मिळणार काय?

सारसोळे सकाळ

वजनाबद्दल थोडा मतभेद. चेंदणीकर २८ ग्रॅमपर्यंत जायला सांगतात. मी म्हणेन, तळाला टेकेल त्यातला सगळ्यात हलका जिग लावा. मासा घेतो तो उचलताना नाही, पडताना. २८ ग्रॅम दगडासारखा पडतो. १४ ग्रॅमला मोठा शॅड (मऊ प्लास्टिकची मासोळी) लावला तर शॅडची शेपटी पाणी धरते, सावकाश उतरतो आणि तेवढा वेळ माशासमोर राहतो.

पाणी जोरात असेल तर वजन वाढवण्याऐवजी जागा बदला. खांबाच्या किंवा धक्क्याच्या मागे पाणी वळसा घेतं, तिथे ओढ निम्मीही नसते. मासाही तिथेच थांबलेला असतो, कारण त्यालाही प्रवाहाशी झगडायचं नसतं. तोंड प्रवाहाकडे करून वाहत येणाऱ्या घासाची वाट बघतो. जिग वरच्या अंगाला टाकून त्या वळशात वाहून येऊ द्यायचा.

चेंदणीकर

सारसोळे सकाळ, वळशाबद्दल पूर्ण सहमत. पण होडीतून मोकळ्या पाण्यात रावसासाठी गेलात तर मागे लपायला खांब कुठून आणणार? तिथे वजनच लागतं.

तिवरं

जिताडा आणि तांब यांच्याबद्दल लिहिते, कारण डब्यातलं सामान आहे तसं या दोघांसमोर नेलं तर अर्ध्या तासात संपेल.

जिताड्याच्या गालाचं हाड जवळून बघा. गालफडाच्या मागच्या कडेला बारीक करवतीचे दाते असतात आणि कोपऱ्यात एक मजबूत काटा. मासा डोकं झटकतो तेव्हा लीडर नेमका त्या कडेवरून घासला जातो. तोंडाच्या आत दात असे नसतात, पण ओठाची आतली बाजू पॉलिश पेपरसारखी खरखरीत असते. १५ पौंडाचा लीडर दोन मिनिटांत दोरखंडाच्या टोकासारखा पिंजतो. ४० पौंड कमीत कमी, खांबाजवळ ६०. मासा काढल्यावर लीडरवरून नख फिरवा. खरखर लागली की तेवढा तुकडा कापून गाठ पुन्हा मारा, प्रत्येक माशानंतर.

जिग म्हणाल तर १० सेंमीचा पॅडल टेल शॅड, १४ ते २१ ग्रॅमच्या जिगहेडवर, गळ जाड तारेचा. उघाडीच्या (खाजणाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) तोंडाशी ओहोटीला खाजणातलं पाणी बाहेर पडतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोईची पिल्लं येतात. पाणी पडायला लागल्यापासून पहिले दोन तास तिथे जिग फिरवायचा. जिताडा तोंड उघडतो तो झटक्यात, पाण्यासकट घास आत ओढला जातो. हाताला ‘टक’ असं कोरडं कळतं किंवा दोर एकदम ढिला होतो. ढिला झाला तर आधी गुंडाळा, मग मारा. उडी मारायला लागला की काठीचं टोक खाली, पाण्याकडे. वर धरलंत तर तो हवेत डोकं हलवून जिग फेकून देतो.

तांब याच्या उलट. उडी नाही, सरळ खाली दगडात घुसते. पहिल्या दोन मीटरला जे होईल ते होईल. ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आधीच घट्ट करून ठेवा, दोर द्यायचाच नाही. आखूड, ठेंगणा शॅड, ८ सेंमीच्या आत, दगडाच्या कडेला लागून. हेकरूलाही हेच.

म्हणून खाडीकाठ, त्या मासोळीचे मूळ ट्रेबल खाडीत नेऊ नका. गोड्या पाण्याची बारीक तार आहे, जिताडा ती सरळ करेल.

कालवं

जिताड्याला नाश्त्याचा डबा आयता मिळाला म्हणायचा. थेट मिनेसोटाहून!

दिवाळेकर

उरलेल्या माशांचं मी सांगतो, कारण सगळे जिताड्यावरच थांबतात.

रावस. त्याचं तोंड खाली वळलेलं आणि पुढे नाक आलेलं. छातीखाली बोटांसारखे मोकळे तंतू असतात, त्यांनी तो गढूळ पाण्यात तळ चाचपतो. त्यामुळे जिग तळापासून फूटभराच्या आत हवा. २० ते ३० ग्रॅमचा चंदेरी मेटल जिग, वीत-दीड वीत उचलायचा, परत टेकवायचा, असं नाचवत न्यायचं. उंच झटके मारले तर जिग त्याच्या डोक्यावरून जातो. पाणी पळत असताना लागतो, ठरलेल्या पाण्यात नाही. आणि हा मासा हाताळणीला फार नाजूक. सोडायचा असेल तर पाण्याबाहेर काढूच नका.

करली. सुरीसारखे दात. लीडर १०० पौंडाचा असला तरी कापेल. १५ सेंमी बारीक पोलादी तार, पुढे अरुंद चकचकीत जिग, वेगात. तार लांब लावली तर जिगची चाल मरते.

ढोमा. हा तुमच्या चमच्यांचा गिऱ्हाईक. ७ ग्रॅमचा चमचा, त्याच्या गळावर कोळंबीची करंगळीच्या नखाएवढी पट्टी. तळाशी हलकेच थरथरवायचा, उचलायचा नाही. ढोमा चोखत घेतो, काठीचं टोक दोन-तीनदा बारीक लवतं. तिसऱ्याला उचला. वर आला की पोटातल्या हवेच्या पिशवीतून घुमल्यासारखा आवाज काढतो, त्यावरूनच ओळख पटते.

शिंगाळा कशालाही येतो. वासावर येतो, त्यामुळे जिगवर आमिष असेल तर हमखास. त्याच्यासाठी जिग निवडायची गरज नाही. त्याला हात कसा लावायचा ते शिकायची गरज आहे.

मांदेली

शिंगाळ्याचं सांगा ना. सगळे नुसते ‘सांभाळून’ म्हणतात.

दिवाळेकर

तीन काटे: एक पाठीवर, दोन कल्ल्यांमागे. तिन्ही उभे करून तो ते पक्के अडकवतो, दाबून मिटत नाहीत. मासा जमिनीवर आपटू द्यायचा नाही, पायाने दाबायचा तर अजिबात नाही, चपलेतून काटा आरपार जातो. लांब पक्कड घ्या. गळाचा वाक पकडीत धरा, मासा पाण्याच्या वर लोंबकळता ठेवा आणि पक्कड उलटी फिरवा. स्वतःच्या वजनाने सुटून पडतो. ट्रेबल असेल तर हे जमत नाही. एक गळ माशात आणि दुसरा तुमच्या बोटात जातो. एकेरी गळ लावायला हे एक कारण पुरेसं आहे.

काटा लागलाच तर ४५ अंश सेल्सियसच्या आत, सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग अर्धा ते दीड तास बुडवा. विष प्रथिनाचं असतं, उष्णतेने निकामी होतं आणि ठणका उतरतो. पाणी आधी दुसऱ्या, न दुखणाऱ्या हाताने तपासा. बधिर झालेल्या बोटाला चटका कळत नाही. काट्याचा तुकडा आत राहिला असेल किंवा सूज चढत असेल तर डॉक्टर. धनुर्वाताचं इंजेक्शनही विचारून घ्या.

पागवाला

हे मात्र फार कामाचं लिहिलंत. माझा पहिला प्रतिसाद जिगांविरुद्ध नव्हता. गढूळ पाण्यात वास आणि हालचाल दोन्ही लागतं, नुसता रंग दाखवून भागत नाही, एवढंच म्हणायचं होतं.

गोठलेलं तळं

पागवाला, बर्फावरही तेच करतात. चमच्याला मासोळीचं डोकं लावतात ते वासासाठीच. तुमची कोळंबी आणि आमचं डोकं, काम एकच.

रंगाचं विचारलं नाही तरी सांगतो. चमकणारा रंग टॉर्चसमोर १०-२० सेकंद धरला की काही मिनिटं उजळ राहतो, मग मंदावतो. रात्री बरबॉटसाठी दर काही मिनिटांनी वर काढून पुन्हा उजळवतात.

सारसोळे सकाळ

आपल्या पाण्यात हाताचा पंजा बुडवला की बोटं दिसत नाहीत. लाल रंग तर हातभर खाली काळाच होतो. मग काळा किंवा गडद जांभळा घ्या, त्याची सावली तरी ठळक पडते. भांगाच्या निवळ पाण्यात पोपटी किंवा चंदेरी. गढूळ पाण्यात खरं काम करतो तो व्हाइब. चपटा पत्र्याचा जिग, उचलला की पूर्ण काठी थरथरते. मासा ती थरथर अंगावरच्या रेषेने टिपतो, डोळ्याने नाही. १५ ते २० ग्रॅम, फूटभर उचलून तंग दोरावर खाली सोडायचा. दोर सैल सोडलात की पुढचा गळ दोरालाच अडकतो.

तलावपाळी

सगळे खाडीत उतरलेत, टंगस्टनचा कुणी विचारच केला नाही. बर्फाच्या तळ्याच्या जवळ जाणारं पाणी आपल्याकडे खाडीत नाही, तलावांत आहे. न वाहणारं, उभं, चार-पाच मीटर खोल. तिलापियासाठी ४ मिमी टंगस्टन, ४ पौंडाचा दोर आणि गव्हाच्या पिठाचा वाटाण्याएवढा गोळा किंवा गांडुळाचा तुकडा. तुमची २८ इंची काठी इथे शोभेल, तराफ्यावरून किंवा पाण्यालगतच्या पायरीवरून. जेट्टीवर तिचा उपयोग नाही. पाणी तीन मीटर खाली असतं आणि दोर कठड्याच्या काँक्रीटवर घासतो. जेट्टीसाठी ६.५ ते ७ फुटी काठी.

पण तलावातले मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात. ठेकेदाराला विचारल्याशिवाय दोर टाकू नका.

टंगस्टनबद्दल एक बारकावा, हा चुकला तर सगळं चुकतं. त्याची कडी पाठीवर असते, म्हणून जिग आडवा लोंबतो, पोहणाऱ्या किड्यासारखा. प्रत्येक चाव्यानंतर आणि प्रत्येक माशानंतर गाठ कडीवर पुढे सरकते आणि जिग नाकावर उभा राहतो. डोळ्यासमोर धरून बघा. तिरका दिसला तर नखाने गाठ मागे सरकवा, परत आडवा झाला की सोडा. तिरक्या जिगकडे तिलापिया येतो, थांबतो आणि परत जातो.

खाडीकाठ

तलावपाळी, हे डोक्यातच आलं नव्हतं. ५ मिमीचे खाडीत काळुंदरासाठी चालतील का?

तलावपाळी

चालतील, ठरलेल्या पाण्यात, धक्क्याच्या भिंतीला लागून. काळुंदर भिंतीवरचं शेवाळ कुरतडतं. जिग भिंतीपासून चार बोटांच्या आत राहिला पाहिजे. तोंड लहान, त्यामुळे कोळंबीचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढाच. गळ बारीक तारेचा आहे, शिंगाळा आला तर जिग गेला असं समजा.

तिवरं

जागांबद्दल एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. ठाणे खाडीच्या पश्चिम काठाचा मोठा पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, जवळजवळ १,६९० हेक्टर, आणि २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ऐरोलीच्या बाजूला असाल तरी होडीने पलीकडे जाण्याआधी कांदळवन कक्षाकडे हद्द विचारून घ्या. तिवरांच्या मुळांत जिग अडकला तर फांदी तोडून काढायचा नाही, दोर तोडायचा. आणि तोही जिगच्या जवळून तुटेल असा. जिताडा-तांबेचा जाड लीडर नसेल तेव्हा लीडर ब्रेडपेक्षा थोडा कमी ताकदीचा ठेवला की मीटरभरच मागे राहतो. वीस मीटर ब्रेड तिवरांत राहिला की पक्षी त्यात अडकतात.

चेंदणीकर

याला जोडून जिताड्याचं. हा मासा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, आकार वाढल्यावर मादी होतो. म्हणजे मोठा जिताडा ही बहुतेक मादीच. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अंडी घालतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी नौकांना बंदी असते. काठावरून काठीने गरवणाऱ्याला ती लागू होत नाही, तरी त्या दिवसांत मोठा जिताडा लागला तर सोडावा असं माझं ठाम मत आहे.

कालवं

मोठा सोडायचा हे पटतं, पण गणपतीनंतर पाहुणे जिताडाच मागतात. मधला ठेवावा, मोठा सोडावा.

दिवाळेकर

कालवं यांच्याशी सहमत. दोन-अडीच किलोचा खायलाही जास्त चांगला लागतो, मोठ्याचं मांस राठ होतं.

खाडीकाठ

सगळं टिपून घेतलं. दोन गोष्टी राहिल्या. ती मासोळी एकेरी गळ लावून खाडीत वापरावी की नाही? आणि ट्यूबचं काय? १४ ग्रॅमचं डोकं तर जिताड्याच्या मापात बसतंय.

सारसोळे सकाळ

मासोळी होडीतून, ठरलेल्या पाण्यात, मोकळ्या तळावर. जेट्टीवरून नाही. कारण असं: उचलल्यावर ती गोल फिरते, हात-दीड हात बाजूला जाते, आणि बाजूला असतात कालवं लागलेले खांब. नाक आणि शेपटीचे गळ मुळातून ओतलेले आहेत, बदलता येत नाहीत. फक्त पोटाखालचा ट्रेबल बदलता येतो. तो काढून त्याच रिंगमध्ये जाड तारेचा एकेरी गळ लावा, टोक पुढे वळेल असा. रिंगही बदला, मूळची रिंग खाऱ्या पाण्यात एका दिवसात गंजते. शेपटीचा पंख चिकटवलेला असतो, काँक्रीटवर एकदा आपटला की निघतो आणि पंख निघाला की ती फिरत नाही, नुसती पडते.

चमच्यांना वर ४० सेंमीवर बॉल-बेअरिंग स्विव्हल (फिरती कडी) लावा. प्रवाहात चमचा गरगर फिरतो, दोराला पीळ बसतो आणि काठीच्या टोकाशी वेटोळं होतं.

चेंदणीकर

ट्यूब चालेल. आमच्याकडे शॅड जास्त वापरतात म्हणून कुणी बोललं नाही, पण ओहोटीच्या वाहत्या पाण्यात ट्यूबची झालर माकळीसारखी उघडते-मिटते. डोकं बाहेरून लावायचं नाही, आत घालायचं. पाण्यात बोटं भिजवा, डोकं झालरीच्या बाजूने गळ मागे ठेवून आत सरकवा, बंद टोकापर्यंत. मग कडी जिथे आतून टोचते तिथे नखाने दाबून बाहेर काढा. गळाचा वाक झालरीच्या वर येतो. आत पोकळी राहते, तिच्यात कोळंबीचा तुकडा कोंबता येतो. हळूहळू झिरपत राहतो. पागवाला यांना हे आवडेल.

फक्त १४ ग्रॅमच्या डोक्याचा गळ बघून घ्या. दोन बोटांत धरून वाकवा. वाकला तर ढोम्याला ठेवा, नाही वाकला तर जिताड्याला.

पागवाला

आवडलं. ट्यूब लावतो.

मांदेली

घरी आल्यावर धुवायचं कसं? सगळे जिग एकाच डब्यात राहतात आणि आठवड्यात सगळे लाल होतात.

तिवरं

वापरलेले जिग न वापरलेल्यांच्या डब्यात परत टाकायचे नाहीत, गंज एकाचा दुसऱ्याला लागतो. वेगळ्या बरणीत घाला. घरी आल्यावर साध्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवा, नुसतं नळाखाली धरून रिंगच्या फटीतलं मीठ निघत नाही. मग जुन्या टूथब्रशने कडी आणि रिंग घासा, फडक्यावर पसरून रात्रभर पंख्याखाली. डब्यात सिलिका जेलची पुडी. शिशाची डोकी हाताळल्यावर हात साबणाने धुवायचे, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.

खाडीकाठ

येत्या अष्टमीला सारसोळेला ठरलेल्या पाण्याच्या अर्धा तास आधी ७ ग्रॅमचा चमचा कोळंबी लावून सोडतो, ढोम्यासाठी. ट्यूब ओहोटीला उघाडीशी. गळ आत्ताच वाकवून बघितला, वाकला नाही.

दिवाळेकर

पक्कड विसरू नका. चमच्यावर कोळंबी आहे म्हणजे पहिला शिंगाळाच येणार.